फळीवाल्या व्हॅनची फळी

१

व्हॅन जागेवर होती. व्हॅनमधली स्टेपनी होती, जॅक होता, प्रथमोपचाराची पेटी होती आणि पुढच्या सीटवर उजव्या डोळ्याला पट्टी बांधलेल्या कामाक्षीबाईही होत्या. नव्हती ती फक्त फळी.

मी मागच्या दारातून आत डोकं घालून पाहिलं, मग व्हॅनखाली वाकून पाहिलं, आणि गोंधळलेला माणूस काय वाटेल ते करतो तसं स्वतःच्या शर्टाच्या खिशातही चाचपून पाहिलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद सागवानी फळी खिशात कुठून असणार. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

माझं नाव मानाजी. आमची मंडळी मूळ तंजावरची, मद्रासला येऊन तीन पिढ्या झाल्या. विमा कंपनीतून निवृत्त होऊन मी घरात बायकोच्या पायात येऊ लागलो, तेव्हा तिनेच मला ह्या सेवेचं चिटणीसपद घ्यायला लावलं. सेवा साधी आहे. ज्यांना बसची पायरी चढवत नाही अशा म्हाताऱ्यांना आणि अपंगांना त्यांच्या दारातून घ्यायचं, इस्पितळाच्या किंवा बँकेच्या दारात सोडायचं आणि परत आणून पोचवायचं. गाडी म्हणजे एक जुनी मॅटाडोर, दानात मिळालेली. तिच्या मागच्या दारातून ती फळी जमिनीपर्यंत लावली, की चाकाची खुर्ची माणसासकट आत ढकलता येते. सगळं वेस्ट मांबलम तिला फळीवाली व्हॅन म्हणतं. हे झालं एकोणीसशे शहाऐंशीच्या एका शुक्रवारी, आणि त्या दिवशी तिला फळीवाली म्हणायची सोय राहिली नव्हती.

समोरच्या घराच्या दारात तुळजाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर सर्टिफिकिटांची फाइल घेऊन, चाकाच्या खुर्चीत तयार बसला होता. वय एकतीस, दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेलेले. माउंट रोडवरच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची एक जागा निघाली होती आणि साडेअकराला मुलाखत होती. एकच जागा, एकच तारीख. पाऊण तासाची वाट धरून आम्हांला पावणेअकराला निघायचं होतं.

"फळी नसली म्हणून काय," मी म्हणालो. "मी आहे, गाडीवर संताजी आहे. उचलून ठेवतो तुला."

तुळजाजीने माझ्याकडे पाहिलं. "मानाजीमामा," तो शांतपणे म्हणाला, "मला आता कुणीही उचलायचं नाही. फळी सापडली तर मी येईन. नाही तर नाही."

२

ह्या हट्टाचा मला राग आला हे कबूल करतो. पण कारणही ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांनी तुळजाजीला उचललं होतं. शाळेत, परीक्षेला, चुलतभावाच्या लग्नात, आणि दर वेळी त्याच्या डोक्यावरून त्याच्या वजनाची चर्चा करत. तीन वर्षांपूर्वी ही व्हॅन आली. त्या दिवशी तो पहिल्यांदा फळीवरून वर चढला आणि तिथल्या तिथे त्याने जाहीर केलं की ह्यापुढे आपण पोतं नाही. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मग मी चोर शोधायला लागलो, आणि चोर सापडायला मला फार वेळ लागला नाही. अडचण एवढीच होती की दोन मिनिटांत मला तीन सापडले.

पहिला आमचा ड्रायव्हर संताजी. त्या फळीशी त्याचं उभं वैर. एकदा ती त्याच्या अंगठ्यावर पडली होती, तेव्हापासून तो तिला सवत म्हणत असे. दुसरा रंगा, कोपऱ्यावरचा ऑटोवाला. व्हॅन सुरू झाल्यापासून त्याची गुडघेदुखीची सगळी गिऱ्हाइकं आमच्याकडे आली होती, आणि मागच्याच महिन्यात त्याने मला भर रस्त्यात तमिळमध्ये जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरा गुरुमूर्ती, पलीकडच्या कल्याणमंडपाचा, म्हणजे लग्नाच्या हॉलचा, मॅनेजर. मुहूर्ताच्या दिवसांत ही व्हॅन केळीची पानं आणि पातेली आणायला द्यावी असं त्याचं दोन वर्षं टुमणं चाललं होतं, आणि आचाऱ्यांना भाजी चिरायला अशी फळी उत्तम असं तो माझ्यासमोर एकदा म्हणाला होता.

व्हॅन सव्वादहाला दारात आली होती. डोळ्यांच्या इस्पितळातून कामाक्षीबाईंना घेऊन आलो होतो. त्यांचं घर नुंगमबाक्कमला, म्हणजे वाटेवरच, म्हणून त्या गाडीतच बसून राहिल्या. संताजी टपरीवर कॉफी प्यायला गेला. मला तुळजाजीच्या आजीने, राजसबाईंनी, आत बोलावून कॉफी दिली आणि ती संपते न संपते तोच दुसरा पेला पुढे केला. त्यांनी मला तीनदा वेळ विचारली. आठवडाभर त्यांचा जीव खालीवर होत होता, कारण शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाल, म्हणजे अशुभ वेळ, आणि नातू नेमका त्यात निघणार. साडेदहाच्या आत निघा म्हणून त्यांनी माझे कान किटवले होते. पण साडेअकराच्या आधी कुणाला आत घेणार नाही असं कंपनीच्या पत्रातच लिहिलं होतं, आणि त्या उन्हात रस्त्यावर ताटकळायला तुळजाजी तयार नव्हता. आज मात्र राजसबाई अगदी निवांत होत्या. फळी गेल्याचं मी ओरडून सांगितलं, तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजले?"

म्हणजे वीस मिनिटांत, भर रस्त्यावर, आत माणूस बसलेलं असताना, फळी गेली होती. मी कामाक्षीबाईंच्या खिडकीशी जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, की गाडीतून एवढं धूड गेलं आणि तुम्हांला काही दिसलं कसं नाही.

"डोळे कोठें आहेत मला दिसायला?" त्या म्हणाल्या. "एकावर पट्टी, दुसरा नावाला. पण मी चोराचं सगळं ऐकलं आहे, मानाजीराव. आणि ऐकलं ते फार विचित्र होतं."

३

कामाक्षीबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली होती. ट्रंक कॉलवर नुसतं 'हॅलो' ऐकून त्या सांगत, की माणूस बसून बोलतोय की उभ्याने, आणि बायको शेजारी आहे की नाही. तुळजाजीला ऑपरेटरचं काम त्यांनीच शिकवलं होतं, सहा महिने, रोज संध्याकाळी. म्हणजे ही मुलाखत त्यांचीही होती.

त्यांनी क्रमाने सांगितलं. संताजी गेला, मी आत गेलो. मग एक माणूस मागच्या दाराशी आला. अनवाणी. त्याने काडी ओढली आणि कापराचा वास आला. मग तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि फळी सरकू लागली. संताजी असावा म्हणून त्यांनी हाक मारली, "कोण आहे रे?"

"मग पळाला असेल," मी म्हणालो.

"पळाला नाही. त्याने फळी परत ठेवली, आंत येऊन माझ्या मागच्या बाकावर बसला, घोटभर पाणी प्याला, मिनिटभर थांबला आणि मग फळी घेऊन गेला. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, तुम्हीच कोणाला तरी पाठवलं असेल." त्यांनी शेजारची आपली पाण्याची बाटली हलवून दाखवली. "ही बघा. माझं पाणी कमी झालं आहे."

मी मागच्या दाराशी जाऊन पाहिलं. फळीच्या जागेवर कापराचा काळा ठिपका होता, शेजारी चिमूटभर कुंकू आणि हळद लावलेले चार तांदूळ. चोरी करण्याआधी पूजा करणारा आणि हाक मारल्यावर पाणी प्यायला बसणारा चोर मी माझ्या एकसष्ट वर्षांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात संताजी तोंड पुसत आला. मी त्याच्यावर धावून गेलो, पण कामाक्षीबाईंनी मला थांबवलं आणि त्याला पाच पावलं चालायला सांगितलं. त्याच्या चपला फटफट वाजल्या. शिवाय, त्या म्हणाल्या, संताजी ती फळी शिवी दिल्याशिवाय उचलत नाही. हे खरं होतं, आणि संताजीनेही ते अभिमानाने मान्य केलं. त्याच्यामागोमाग गुरुमूर्ती स्कूटरवरून आला, रविवारी व्हॅन मिळेल का विचारायला. मी त्याला फळीचं विचारलं. त्याने अगदी निरागसपणे, तुमची ती फळी विकायची आहे का, असं उलट विचारलं. त्याचे बूट करकरत होते, आणि सहा फुटांची फळी स्कूटरवर नेणारा माणूस वेस्ट मांबलममध्ये कुणाच्या नजरेतून सुटला नसता.

"म्हणजे रंगा," मी म्हणालो.

कोपऱ्यावर पाहिलं. रंगाची ऑटो जागेवर नव्हती.

४

दहा पन्नासला ऑटो आली. रंगा उतरला, अनवाणी. ऑटोच्या टपाचं कापड एका बाजूने टरकन फाटलं होतं, आडव्या घातलेल्या सहा फुटांच्या फळीने फाटावं तसं. मी त्याची कॉलर धरणार होतो, पण तो माझ्याहून वीतभर उंच असल्यामुळे नुसतंच बोट रोखून विचारलं, की कुठे गेला होतास.

रंगाचा चेहरा एकदम पडला. ते विचारू नका सार, असं तो तमिळमध्ये पुन्हा पुन्हा म्हणाला. कुठे गेलो ते सांगणार नाही, पोलीस बोलवा, तरी सांगणार नाही. मी म्हणालो की पोलीस बोलावतोच. दारातून तुळजाजी हे सगळं पाहत होता. त्याने मांडीवरची फाइल बंद केली आणि तिची नाडी बांधायला घेतली.

"पोलीस नकोत," कामाक्षीबाई म्हणाल्या. "मला हाताला धरून खाली उतरवा. आंत राजसबाईंकडे जायचं आहे."

"चोर इथे उभा आहे," मी म्हणालो.

"हा हमाल आहे. चोर आंत बसला आहे."

५

राजसबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. आम्ही सगळे आत गेलो, तुळजाजीही खुर्ची ढकलत आला. कामाक्षीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि चाचपडत का होईना, बरोबर त्यांच्या दिशेने बोलल्या.

त्यांचं म्हणणं असं. चोर असता तर हाक ऐकून पळाला असता. पण शुभ कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारली, तर तो काय करतो? परत येतो, बसतो, पाणी पितो आणि नव्याने निघतो. तेच ह्याने केलं. कुठे गेला होतास विचारल्यावर सांगेना, कारण निघालेल्याला 'कुठे' विचारणं अशुभ. काम पुरतं पार पडेपर्यंत तो ते पाळणारच. कापूर, कुंकू, हळदीचे तांदूळ. म्हणजे फळी चोरली नव्हती, फळीचं प्रस्थान ठेवलं होतं.

ही आमच्याकडची जुनी रीत. वेळ वाईट असेल आणि जाणं टळत नसेल, तर चांगल्या वेळेत प्रवाशाची एखादी वस्तू, छत्री म्हणा, चपला म्हणा, त्या दिशेच्या एखाद्या घरी पुढे पाठवून ठेवायची. वस्तू निघाली की माणूस निघाला असं धरतात. मग तो खुशाल राहुकालात निघो, वाटेत ती वस्तू घ्यायची झालं.

"आणि इथे राहुकालाची काळजी कोणाला होती?" कामाक्षीबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी विचारलं, फळी कोठें गेली. तुम्ही एकट्यांनी विचारलं, किती वाजले. ती साडेदहाच्या आंत पोचली की नाही, एवढीच तुम्हांस काळजी होती."

राजसबाईंनी नाकारलं नाही. आपल्या धाकट्या बहिणीकडे, त्रिपुरसुंदरीकडे, टी. नगरला पाठवली म्हणाल्या; माउंट रोडच्या वाटेवरच तर आहे. दहा पंचविसाला पोचली, असा शेजारच्या दुकानात आत्ताच फोन आला होता. रंगाला त्यांनीच मागच्या खिडकीतून बोलावून घेतलं होतं, आणि त्याने एक पैसा घेतला नव्हता.

"पण आजी, फळीच का?" तुळजाजीचा आवाज चढला. "माझा रुमाल पाठवायचा. पेन पाठवायचं."

"दुसरे लोक चपला पाठवतात, कण्णा," राजसबाई म्हणाल्या. "तुझं पाऊल म्हणजे ती फळी. दुसरं काय पाठवूं मी?"

मग त्या जरा घाईने म्हणाल्या की इथे चढवायला आम्ही सगळे होतोच. तिथे परक्या जागी त्याला उतरवायला कुणी नसेल, म्हणून फळी पुढे गेलेली बरी असं त्यांना वाटलं. तो कुणालाच उचलू देत नाही, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत गाडी दाराशी आली की त्या आत देवापुढे बसत. नातू बाहेर कसा पडतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मी रंगाला म्हणालो की धाव, घेऊन ये. राजसबाईंनी मान हलवली. प्रस्थान ठेवलेली वस्तू ज्याने पाठवली त्याने किंवा ज्याच्यासाठी पाठवली त्यानेच उचलायची; रंगा नुसता नेणारा. तिसऱ्याच्या हाती त्रिपुरा देणार नाही. मी दुकानात जाऊन फोन केला. त्रिपुरसुंदरीबाईंनी मला सांगितलं की पंतप्रधान आले तरी देणार नाही, आणि फोन ठेवला.

दहा अठ्ठावन्न. तुळजाजीला न्यायचं तर फळी हवी, आणि फळी आणायची तर तुळजाजी हवा. किंवा राजसबाई.

६

राजसबाई ऐंशीच्या होत्या. राहुकालात त्यांनी जन्मात उंबरा ओलांडला नव्हता. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाची तार आली, तेव्हाही त्या पिशवी मांडीवर घेऊन बारा वाजेपर्यंत दारात बसून होत्या. चार वर्षांपासून तर गुडघ्यांमुळे कुठल्याच वेळी ओलांडला नव्हता.

त्यांनी झोपाळ्याची कडी धरली आणि उठल्या. "ती वेताची खुर्ची आणा," त्या म्हणाल्या. "मी बसतें. उचला मला."

संताजीने आणि रंगाने त्यांना खुर्चीसकट उचललं आणि दारातून बाहेर काढलं. उंबऱ्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. आजी कशा पिसासारख्या आहेत, असं संताजी म्हणाला, आणि तुळजाजीने मान खाली घातली. त्याला ते सगळं कसं ऐकू येत असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मला माझी लाज वाटली.

रुळांखालच्या सबवेतून आम्ही टी. नगरला पाच-सहा मिनिटांत पोचलो. मधे नुसता रेल्वेचा रूळ, पण त्यावरचा पायऱ्यांचा पूल राजसबाईंना चढवत नव्हता, म्हणून दोघी बहिणी चार वर्षं शेजाऱ्यांच्या फोनवरच भेटत होत्या. त्रिपुरसुंदरीबाई काठी टेकत बाहेर आल्या, मागून भाडेकरूंनी हळदीकुंकू लावलेली फळी आणली. व्हॅनच्या दारात दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"तूं बुटकी जाहलीस," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या.

"तूंही," राजसबाई म्हणाल्या.

मग त्यांनी फळीवर हात ठेवला, संताजीने ती आत ओढली आणि आम्ही निघालो. त्रिपुरसुंदरीबाईंनी कॉफीचा पेला आणला होता, तो तसाच त्यांच्या हातात राहिला. वाटेत राजसबाई रडत होत्या. राहुकालात निघाल्यामुळे असेल, असं मी समजलो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अकरा वीसला तुळजाजी फळीवरून वर चढला. आजीला खुर्चीतून खाली उतरवताना तो तिचा हात धरून होता. संताजीने त्या दिवशी जशी मॅटाडोर हाकली, तशी पुन्हा हाकू नये अशी लेखी ताकीद मी त्याला नंतर दिली आहे. कामाक्षीबाई डोळ्यावरची पट्टी विसरून मधेच तालीम घेत होत्या. तुळजाजी त्यांना "गुड मॉर्निंग, विच एक्स्टेन्शन प्लीज" असं दहा तऱ्हांनी म्हणून दाखवत होता.

बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही त्या कंपनीच्या दारात पोचलो. पुढे चार पायऱ्या होत्या, आणि मदतीला तिथलं खरोखरच कुणी नव्हतं. फळी दोनदा लावून आम्ही तुळजाजीला वर नेलं. मी धापा टाकत शिपायाला उशिराबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, कसला उशीर? मोठे साहेब शुक्रवारी बाराच्या आत कुठलंही नवं काम सुरू करत नाहीत. पत्रावर साडेअकरा छापलेलं असतं, एवढंच. आत सात उमेदवार अजून जांभया देत बसले होते.

तुळजाजी हसायला लागला. इतका हसला की फाइल खाली पडली. मला हसू यायला दोन दिवस लागले.

नेमणुकीचं पत्र सोळाव्या दिवशी आलं. ते वाचून दाखवायला आम्ही सगळे राजसबाईंच्या समोर बसलो होतो, रंगासुद्धा. मुलाखत बारालाच सुरू झाली हे तुळजाजीने तेव्हा कुठे आजीला सांगितलं.

"म्हणजे मी फुकट गेलें," त्या म्हणाल्या.

"फुकट कसली, आजी," तुळजाजी म्हणाला. "मी तुला उंबरा ओलांडताना पाहिलं." मग त्याने पत्राची घडी घालायला घेतली, आणि ती तीनदा चुकली.

दुसऱ्या दिवशी राजसबाईंनी मला बोलावून घेतलं आणि सेवेचा अर्ज मागितला. मी अर्ज काढला, नाव लिहिलं, वय लिहिलं. कुठून, वेस्ट मांबलम. कुठे, टी. नगर, त्रिपुरसुंदरीबाईंकडे. मग कारणाचा रकाना आला. आमचे नियम मीच केले आहेत: इस्पितळ, बँक, देऊळ, नोकरी. मी विचारलं की बहीण आजारी आहे का.

"आजारी कशास? धडधाकट आहे."

"मग काही कार्य वगैरे?"

"कांही नाही."

"मग कारण काय लिहू, राजसबाई? काहीतरी लिहावं लागतं."

त्यांनी थोडा विचार केला. "लिही," त्या म्हणाल्या, "उगीच."

मी लिहिलं, शिक्का मारला आणि ऑफिसात आलो. तीन वर्षांत मी नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा कपाटाच्या वरच्या खणात होता. स्टूल ओढून मी तो खाली काढला आणि पहिल्यापासून वाचायला बसलो.